अकरा फेऱ्यांची बाकी

रविवार, चोवीस ऑगस्ट, सकाळचे साडेनऊ. बाकी अकरा फेऱ्या. हजर: तुमचे यजमान, तुमची गौरी, सोनाळ्याहून आलेली तिची आत्या आणि मी.

सुनंदावहिनी, तुमच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी तुमच्या घरी सतरंजीवर बसले होते आणि माझ्या डोक्यात हा आकडा होता. खोटं कशाला सांगू? अकरा फेऱ्या माझ्या तुमच्याकडे निघत होत्या आणि तुम्ही निघून गेलात.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण मला सुरुवातीपासून सांगितल्याशिवाय राहवत नाही. गेल्या वर्षी जूनमध्ये शाळेच्या व्हॅनवाल्याने मोताळ्यातली फेरी बंद केली. शाळा चार किलोमीटर लांब, बुलढाणा रस्त्याला. माझी दोन पोरं, सहावीतली वैष्णवी आणि तिसरीतला ओम. तुमची एक गौरी, या वर्षी नववीत. आमचे हे सहाच्या एसटीने नांदुऱ्याला जातात, तुमचे यजमान कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर. गल्लीत समोरासमोर दोन घरं, दोन स्कूट्या, दोन बाया. तुमच्या ओट्यावर बसून आपण ठरवलं, एक आठवडा तुम्ही, एक आठवडा मी. सकाळी सोडणं एक फेरी, दुपारी आणणं दुसरी. मी त्याच संध्याकाळी माझ्या कॅलेंडरवर खुणा करायला लागले. तुम्ही पाहिलंत आणि हसलात.

"काहो, सातबारा काढून राह्यले का? तलाठीबाई भेटल्या मले शेजारी."

तेव्हापासून मी तलाठीबाई. वैष्णवीच्या वाढदिवसालासुद्धा तुम्ही त्याच नावाने हाक मारलीत, आणि पाहुण्यांना वाटलं मी खरंच तलाठी कचेरीत बसते.

मी संशयी आहे, हे मला मान्य आहे. पण वहिनी, शाळेच्या दिवसांत घर चालवायचं तर संशय धरावाच लागतो. नळ आठव्या दिवशी येतो, तो नेमका युनिट टेस्टच्या सकाळी. ओमचं पोट दुखतं ते फक्त गुरुवारी, कारण गुरुवारी पाढे. डब्याची तीन झाकणं शाळेत जातात, दोन परत येतात, आणि तिसरं कुठं गेलं हे कोणालाच माहीत नसतं. सव्वापाचला उठलेल्या बाईने सगळ्यांवर विश्वास ठेवला तर साडेसहाला तिची गाडी दाराबाहेर निघत नाही. तुमची निघायची. कशी निघायची, मला कळलं नाही. तुमच्या घरात मी कधी आरडाओरडा ऐकला नाही, आणि त्याचाही मला संशय यायचा.

मग तुमच्या आठवड्यात पोरं डबे भरलेले परत आणायला लागली. विचारलं तर तिघंही म्हणायची, "भूक नव्हती." तिघांचं एकच उत्तर, तेही एकाच सुरात. तीन पोरं एकच खोटं बोलतात तेव्हा ते कोणीतरी शिकवलेलं असतं. मी ओमच्या शर्टाची बाही हुंगली. आलूबोंडा. दुसऱ्या दिवशी तुम्हाला गाठलं तर तुम्ही म्हणालात, "अवो, फाट्यावर गाडेवाला गरम काढून राह्यला होता. पोरायनं वासच घेतला असन."

"तीन आठवडे वासच?"

"वास मोठा होता."

मी चिडले, घरी आले आणि दार लावून हसले. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

आणि तो तापाचा दिवस. डिसेंबर होता. तुमची फेरी. तुम्ही ओमला खांद्यावर घेऊन आलात, तो तापाने फणफणलेला, आणि तुम्ही मला दारातच म्हणालात, "आधी चहा ठेवा. मग सांगीन." मी म्हटलं काय झालं. तुम्ही म्हणालात, "चहा ठेवा म्हणलं ना." मी चहा ठेवला, तेवढ्यात तुम्ही त्याला माझ्या पलंगावर निजवलंत, कपाळावर पट्टी ठेवलीत, गौरीला औषधाच्या दुकानात पिटाळलंत. चहा उकळेपर्यंत माझं घाबरून जायचं काम शिल्लकच राहिलं नाही. त्या दिवशी माझ्या कॅलेंडरवर तुमच्या नावे नेहमीसारख्या दोन फेऱ्या लागल्या. पट्टीची आणि औषधाची खूण कोणत्या रकान्यात करायची, मला सुचलं नाही, म्हणून केली नाही.

आता भांडणाचं. ते अर्धं राहिलं आहे, आणि मी ते तुमच्या माघारी आपल्या बाजूने संपवणार नाही.

माझं म्हणणं होतं की तुम्ही सुट्ट्या पाहून आठवडे बदलता. दिवाळीच्या आधीचा आठवडा तुम्ही मागून घेतलात, त्यात शाळा तीनच दिवस होती. संक्रांतीचा तसाच. मी बोलले तर तुम्ही म्हणायच्या, "योगायोग हाये हो." दोनदा योगायोग होतो. तिसऱ्यांदा तुम्ही पोळ्याचा आठवडा मागितलात.

शुक्रवारची संध्याकाळ होती. तुम्ही फाटकाला टेकून उभ्या होतात, आत आला नाहीत. "येता आठवडा तुम्ही घ्या, तलाठीबाई. पुढचा मी घेईन."

पुढचा म्हणजे पोळ्याचा. शुक्रवारी पोळा, शनिवारी शाळेने सुट्टी दिलेली. तुम्हाला चार दिवस, मला सहा. मी तिथल्या तिथे बोटांवर मोजलं आणि म्हटलं, "नाही जमत."

"काऊन?"

"तुमच्याकडे आधीच अकरा फेऱ्या निघतात. पोळ्यानंतर पंधरा होतील."

तुम्ही म्हणालात, "अकरा काय. तुमी एक डाव नीट मोजून पाहा बरं."

"नीटच मोजलंय."

"बरं बाप्पा. मोजलं तर मोजलं."

आणि तुम्ही गेलात. जाताना फाटकाची कडी लावलीत. एरवी तुम्ही ती कधीच लावत नव्हतात.

सोमवारी, अकरा तारखेला सकाळी तुम्हीच तिघांना घेऊन गेलात. मी खिडकीतून पाहत होते, वेळेवर निघता की नाही ते. सहा चाळीसला निघालात. आठाच्या आत घरी परतलात, धुणं भिजवलंत, आणि अकराच्या सुमाराला न्हाणीच्या दारात पडलात. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. पुढची फेरी एक वाजताची.

ती मी केली. तुमच्या यजमानांनी, भाऊजींनी, सांगितलं होतं, "पोरीले वाटेत काई बोलू नका. घरी आणा." शाळेच्या फाटकाशी गौरी आली, तिने मला पाहिलं आणि विचारलं, "काकू, आज तं आईचा नंबर हाये ना?" मी म्हटलं, हो, पण आईला काम निघालं. ओम पुढे उभा, मागे वैष्णवी, तिच्या मागे गौरी. चार किलोमीटर. मी आयुष्यात इतकी हळू गाडी चालवली नाही. फाट्यावर आलूबोंड्याचा गाडा लागला तर गौरी मागून म्हणाली, "काकू, तुमी थांबत नाई ना इथं." मी थांबले. तिघांना एकेक घेऊन दिला. तिने तो खाल्ला. आपल्या आईला जाऊन दोन तास झालेत हे माहीत नसताना तिने तो चवीने खाल्ला, आणि मी तो खाऊ दिला. हे बरोबर केलं की चूक, हे मला तुम्हालाच विचारायचं होतं.

संध्याकाळी तुमच्याकडून घरी आले, हात धुतले, आणि कॅलेंडरवर ती फेरी लिहिली. माझी दोनशे चौदावी. सवयीने लिहिली. लिहिल्यावर हाताकडे पाहत राहिले.

पोळ्याचा आठवडा माझाच होता, तो माझ्याकडेच राहिला. गौरी घरी होती, मी माझी दोन नेत होते. गाडी हलकी झाली होती आणि ओम रोज मागे वळून पाहत होता.

आता त्या रविवारकडे येते. मी गेले होते ते भाऊजींना सांगायला की सोमवारपासून गौरीला मी नेईन. पण मी बसते न बसते तोच आत्याबाईंनी विषय काढला.

"आमी पोरीले सोनाळ्याले नेऊन राह्यलो. तिथं शाळा हाये दहावीपर्यंत. इथं कोन पाह्यन तिच्याकडे? भाऊ सहाला जाते, सीझन लागला का रात्री येते."

वहिनी, बाई वाईट नाही. तेरा दिवस तिनेच घर सांभाळलं. पण मी येण्याआधी ती गौरीला काय विचारत होती ते मी दारातून ऐकलं होतं. "पोया येतात ना तुले? किती जनाच्या होतात?" आणि तिच्या सुनेला सातवा महिना आहे, हे मला तेरवीच्या पंगतीत कळलं होतं. मी दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या. नववीचं वर्ष, ऑगस्ट संपत आलेला, पोरगी शाळा बदलणार आणि पोळ्या लाटणार. गौरी कोपऱ्यात बसून सतरंजीचा दोरा ओढत होती. तुम्ही मला गेल्या उन्हाळ्यात ओट्यावर काय सांगितलं होतं ते मी विसरले नव्हते. "माही शाळा नववीत सुटली. हिची सुटू नाई द्यायची." तुम्ही ते भाजी निवडता निवडता बोलला होतात, म्हणून खरं होतं.

मी भाऊजींना म्हटलं, "गौरीला मी नेईन-आणीन. माझी जातातच. दुपारचं जेवणही माझ्याकडे. दहावीपर्यंत."

भाऊजी खाली पाहत होते. म्हणाले, "नाई वहिनी. उपकार नोको."

"उपकार कसला? गाडी जातेच आहे."

"एक दिवस, दोन दिवस ठीक. दोन वर्षं कोनाचं घेववत नाई मले. तिची आई असती तं गोष्ट वेगळी. तुमी नेता, आमच्याकडून काय?" मग म्हणाले, "पेट्रोलचे घ्यान का?"

"नाही."

"मंग राहू द्या."

तुमचा नवरा कसा आहे हे तुम्हाला सांगायला नको. वजनकाट्यावर आयुष्य काढलेला माणूस. कोणाचा पाव किलो इकडे नाही, तिकडे नाही. मला राग आला, पण त्याच्या जागी मी असते तर मीही हेच बोलले असते, हेही कळत होतं. आत्याबाई उठल्या, म्हणाल्या, "गौरे, तुहे कपडे काढ बरं पेटीतले."

गौरी उठली. पण पेटीकडे नाही, स्वयंपाकघरात गेली. तिथून दाराआडचं कॅलेंडर काढून आणलं. खिळ्याला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल खाली लोंबत आली. या वर्षीच्या कॅलेंडरच्या मागे गेल्या वर्षीचं तसंच अडकवलेलं होतं. ती ते माझ्या पुढ्यात ठेवून म्हणाली, "काकू, आई म्हने तुमी एक दिवस हे पाहायले येसान."

मी ते कॅलेंडर शंभरदा पाहिलं होतं. प्रत्येक तारखेच्या चौकटीत बारीक उभ्या रेघा. मला वाटायचं, दुधाचा हिशोब. तुमच्या आठवड्यात रोज चार रेघा, माझ्या आठवड्यात रोज दोन. एकदा मी मनात म्हटलंही होतं की ही बाई स्वतःच्या आठवड्यात दुप्पट दूध घेते, पोरांना खीर करून घालत असेल.

"हे दूध नाई," गौरी म्हणाली. "आई नेते तवा एका टायमाले दोन रेघा. वैष्णवी अन् ओम. तुमी नेता तवा एक. म्हंजे मी."

भाऊजींनी मान वर केली.

वहिनी, मी चौदा महिने फेऱ्या मोजल्या. डोकी मोजली नाहीत. तुमची एक, माझी दोन, हे पहिल्या दिवसापासून समोर होतं, आपण आठवडे मात्र सारखे वाटून घेतले आणि मी त्याला बरोबरी समजले. मी तिथेच पेन्सिल घेतली आणि मोठ्याने मोजलं, कारण मनात मोजलं असतं तर मी कुठेतरी फसवलं असतं. माझ्या फेऱ्या दोनशे चौदा, दर फेरीत तुमची एक. दोनशे चौदा. तुमच्या फेऱ्या दोनशे तीन, दर फेरीत माझी दोन. चारशे सहा. चारशे सहातून दोनशे चौदा गेले. उरले एकशे ब्याण्णव. गौरीने तुमच्या रेघा मोजल्या, दोनदा. चारशे सहाच भरल्या. शेवटच्या दोन रेघा अकरा ऑगस्टच्या चौकटीत, सकाळच्या. तुम्ही गाडी लावून, धुण्याच्या आधी त्या मारल्या असणार. दुपारची एक रेघ गौरीने नंतर मारली होती, माझ्या नावची.

आणि बारा तारखेच्या चौकटीत पेन्सिलीने लिहिलेलं, "बुलढाणा डॉक्टर १०."

ते मी वाचलं आणि आकडे विसरले. मंगळवारी दहाला बुलढाण्याला असलेली बाई एक वाजता शाळेच्या फाटकात कशी येणार? त्यासाठी तुम्ही आठवडा मागत होतात, पोळ्यासाठी नाही. गेले दोन महिने तुम्ही पोरांना सोडल्यावर शाळेच्या कठड्यावर पाच-पाच मिनिटं बसायच्या, असं वैष्णवी सांगायची, आणि मला वाटायचं बायांशी गप्पा झोडत आहात. दम लागत होता का? एका फेरीसाठी आठवडा का मागितलात? एक फेरी मागितली असती तर मी कारण विचारलं असतं. डॉक्टर म्हटलं असतं तर कोणता, कशासाठी, चिठ्ठी कुठे. तुम्हाला ते माहीत होतं. म्हणून तुम्ही माझ्याकडे माझ्याच भाषेत मागितलंत, आठवड्याला आठवडा, आणि मी तेही दिलं नाही. मंगळवारी डॉक्टरांनी काय सांगितलं असतं, मला माहीत नाही. सोमवार मंगळवारच्या आधी येतो, एवढंच मी स्वतःला सांगत असते. त्याने समाधान होत नाही.

तुमच्याविषयीचा माझा संशय मात्र गेलेला नाही. दिवाळी आणि संक्रांत तुम्ही मुद्दामच घेतल्या होत्या, हे मी आजही म्हणेन. पण दुसराही एक संशय आहे. चौदा महिने तुम्ही खऱ्या आकड्यावर बसून राहिलात, मी अकरा-अकरा करत तुमच्या दारात येत होते तरी. तो मोठेपणा होता, की कधीतरी माझ्या तोंडावर मारायला राखून ठेवलं होतं? मोठेपणा असेल तर मला तो पेलवत नाही. राखून ठेवलं असेल तर बरं. ते बरोबर वेळी बाहेर आलं.

कारण मी भाऊजींपुढे दोन्ही कॅलेंडरं ठेवली आणि म्हटलं, "हे उपकार नाहीत. मी देणं लागते. एकशे ब्याण्णव. वहिनींच्या हातचं आहे."

भाऊजींनी चष्मा लावला. जुलैचं पान पाहिलं, मग गेल्या वर्षीचा सप्टेंबर. बोट ठेवून काही आठवडे मोजले. आत्याबाई म्हणाल्या, "अरे, रेघायचं काय धरतं? पोरीचं पाह्य."

"थांब अक्का," भाऊजी म्हणाले. "काट्यावर आलं ते आलं." मग मला विचारलं, "रोजच्या दोन धरल्या तं किती दिवस?"

"शहाण्णव. दिवाळी आणि सणांच्या सुट्ट्या सोडून फेब्रुवारीपर्यंत."

"अन् मंग?"

मी गौरीकडे पाहिलं. "मग नवीन हिशोब. डोक्याप्रमाणे. तोवर तुमची गौरी माझ्या ओमला पाढे शिकवेल, गुरुवारी त्याचं पोट दुखणार नाही. त्याचं काय धरायचं ते ठरवू."

भाऊजींनी चष्मा काढला. मग कॅलेंडर गौरीला देऊन म्हणाले, "लाव जागेवर." पेटी उघडली गेली नाही. आत्याबाई मंगळवारी एकट्याच सोनाळ्याला गेल्या, जाताना मला म्हणाल्या, "ध्यान ठेवा पोरीवर." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्याचा मी संशय घेतला नाही.

सोमवारी सहा चाळीसला निघालो. गौरीने डबा आणला होता, तिने स्वतः केलेला, पोळ्या जाड. फाट्यावर मी येताना थांबले. घरी आल्यावर ती आधी तुमच्या स्वयंपाकघरात दाराआड गेली, मी तिच्या मागे. तिने दोऱ्याची पेन्सिल माझ्या हातात दिली.

सोमवार, पंचवीस ऑगस्ट. सकाळी एक, दुपारी एक, मिळून दोन फेऱ्या. दिल्या गौरीला. बाकी एकशे नव्वद.